रडार चिप निवडताना: ऑटोमोटिव्ह घ्यायची की इंडस्ट्रियल?

रडार चिपच्या डेटाशीटमध्ये मध्येच कुठेतरी चार-पाच ओळींचा एक तक्ता असतो. त्याचा मथळा ‘पॉवर-ऑन अवर्स’, म्हणजे चिप चालू राहण्याचे तास. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एडब्ल्यूआर१६४२ ही गाड्यांसाठीची ७७ गिगाहर्ट्झची चिप घ्या. तिच्या तक्त्यात जंक्शनच्या, म्हणजे चिपच्या आतल्या सिलिकॉनच्या, तापमानानुसार तास वाटून दिलेत: उणे ४० अंशांना ६००, ७५ अंशांना २,०००, ९५ अंशांना ६,५०० आणि १२५ अंशांना ९००. बेरीज होते १०,०००. तीही रेडिओचा भाग निम्माच वेळ चालू राहील असं धरून. आता वर्षाचे तास मोजा, ८,७६० भरतात. म्हणजे हीच चिप भिंतीवर टांगून चोवीस तास चालू ठेवली, तर कंपनीने ज्यांची हमी घेतली ते तास चौदा महिन्यांत संपतात.

मी हा तक्ता पहिल्यांदा नीट वाचला तो एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी विचारल्यामुळे. माणसांची हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरसाठी मी ऑटोमोटिव्ह चिप निवडली होती आणि सर्किट घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी सर्किटकडे पाहिलंच नाही. “हे दिवसातून किती तास चालणार?” “चोवीस.” “मग तास मोजलेस का?” मी मोजले नव्हते. गाडीत ऊन, पाऊस, खड्डे सगळं सोसते, तर भिंतीवर काय होणार, एवढाच माझा विचार होता.

या क्षेत्रात नव्याने येणारे बहुतेक जण हाच विचार करतात. ऑटोमोटिव्ह म्हणजे वरचा दर्जा, इंडस्ट्रियल म्हणजे त्याखालचा, आणि पैसे असतील तर वरचा घ्यावा. पण ग्रेड सांगते ती चिप कोणत्या प्रकारच्या आयुष्यासाठी तपासली आहे. गाडी दिवसाचा बहुतेक वेळ उभी असते. चालते तेव्हा खूप तापते, हादरते, थंडीत गोठते. कारखान्यातला सेन्सर फारसा हलत नाही, पण कधी बंदही होत नाही. ही दोन आयुष्यं वेगळी आहेत आणि तुमचं उत्पादन त्यातलं कोणतं जगणार, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतलंय: पार्किंगच्या तोंडाशी असलेल्या बूम बॅरिअरचा रडार सेन्सर, जो दांड्याखाली गाडी किंवा माणूस असेपर्यंत दांडा खाली येऊ देत नाही. हे उदाहरण मुद्दाम घेतलं. समोर गाड्याच गाड्या असतात, त्यामुळे हा ‘ऑटोमोटिव्ह’ प्रकार आहे असं वाटून फसायला होतं.

पायरी १: काम एका पानावर उतरवा

चिपचं नाव शोधायच्या आधी कागद घ्या. या क्षेत्रात त्याला ‘मिशन प्रोफाइल’ म्हणतात. साध्या भाषेत, उत्पादन कसं जगणार याची टिपणी. त्यात एवढं लिहा: दिवसाचे किती तास चालू, किती वर्षं, खोक्याच्या आतलं जास्तीत जास्त आणि कमीत कमी तापमान, हादरे किती, किती अंतरावरचं काय ओळखायचं, आणि चुकलं तर कोणाला काय इजा होईल.

आपल्या बॅरिअरचं पान असं होईल. चोवीस तास चालू, दहा वर्षं, म्हणजे ८७,६०० तास. उन्हात ठेवलेलं बंद धातूचं खोकं, आतली हवा ७० अंशांपर्यंत. हादरे किरकोळ, दांडा आपटतो तेवढेच. अंतर सहा मीटरच्या आत. चुकलं तर दांडा गाडीच्या टपावर किंवा माणसाच्या डोक्यावर.

तुलनेसाठी गाडीचं पान पाहा. एईसी-क्यू१०० या तपासणी मानकात उदाहरण म्हणून दिलेल्या प्रोफाइलमध्ये १५ वर्षांत १२,००० तास चालू असं धरलं आहे. आपल्या बॅरिअरचे तास त्याच्या सातपटींहून जास्त. पान लिहून झालं की अर्धा निर्णय झालेला असतो, आणि बहुतेक वाया जाणारी मेहनत हे पान न लिहिल्यामुळे वाया जाते.

पायरी २: आधी पट्टा ठरवा, ग्रेड नंतर

नवख्यांच्या डोक्यात पट्टा, म्हणजे रडार ज्या फ्रिक्वेन्सींवर चालतं ती जागा, आणि ग्रेड यांची सरमिसळ असते: ७७ गिगाहर्ट्झ म्हणजे ऑटोमोटिव्ह, ६० म्हणजे इंडस्ट्रियल. असं नाही. गाडीत मागे विसरलेलं मूल ओळखणारे रडार ६० गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांच्यासाठी ऑटोमोटिव्ह ग्रेडच्या ६० गिगाहर्ट्झ चिप्स मिळतात. गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२३ पासून या सोयीला गुण द्यायला सुरुवात केल्यावर त्यांना चांगलीच मागणी आली. उलट टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या आयडब्ल्यूआर या औद्योगिक कुळात ७६ ते ८१ गिगाहर्ट्झच्याही चिप्स आहेत. टाकीतल्या द्रवाची पातळी मोजणाऱ्या औद्योगिक रडारना युरोप-अमेरिकेत ७५ ते ८५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरता येतो.

पट्टा कशावर ठरतो? दोन गोष्टींवर. पहिली, किती बारीक फरक दिसायला हवा. जवळजवळच्या दोन वस्तू वेगळ्या दिसण्यासाठी लागणारं किमान अंतर म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले बँडविड्थची, म्हणजे वापरलेल्या पट्ट्याच्या रुंदीची, दुप्पट. २४ गिगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यात २४.०० ते २४.२५ एवढीच, म्हणजे २५० मेगाहर्ट्झ जागा आहे. गणित केलं तर ६० सेंटीमीटर येतात. बॅरिअरपाशी बंपरला खेटून उभा असलेला माणूस आणि तो बंपर यांचा एकच ठिपका होईल. ६० ते ६४ गिगाहर्ट्झमध्ये ४ गिगाहर्ट्झ जागा मिळते आणि हेच अंतर पावणेचार सेंटीमीटरवर येतं. २४ गिगाहर्ट्झच्या आसपास पूर्वी रुंद पट्टाही वापरता येई, पण युरोप-अमेरिकेत गाड्यांसाठीची ती मुभा २०२२ च्या सुरुवातीला संपली. जुनी डिझाइन्स चाळताना तिला भुलू नका.

दुसरी गोष्ट कायदा. चिप विकत मिळते याचा अर्थ ती तुमच्या कामासाठी चालू करायची परवानगी आहे असा होत नाही. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामकाने २०१७ साली ७६ ते ८१ गिगाहर्ट्झचा पट्टा वाहनांच्या रडारसाठी खुला केला. विमानतळावरच्या काही ठरावीक उपयोगांनाही त्यात जागा आहे, पण खांबावर बसवलेला कुठलाही सेन्सर त्यात आपोआप बसत नाही. ६० गिगाहर्ट्झचंही तेच. गूगलने २०१९ साली पिक्सेल ४ या फोनमध्ये हातवारे ओळखणारं ६० गिगाहर्ट्झचं रडार घातलं. भारतात त्या पट्ट्याची परवानगी नव्हती, म्हणून तो फोन इथे विक्रीला आलाच नाही. एवढ्या मोठ्या कंपनीचं उत्पादन रेडिओच्या नियमापाशी अडू शकतं, तर आपण ज्या ज्या देशात विकणार तिथली नियमावली डिझाइन सुरू करण्याआधी वाचायलाच हवी. अँटेना आखून झाल्यावर पट्टा बदलला की बोर्ड पहिल्यापासून करावा लागतो. अँटेनाची मापं तरंगलांबीवर ठरतात आणि ती ७७ ला ३.९ मिलिमीटर, तर ६० ला ५ मिलिमीटर असते.

६० गिगाहर्ट्झ हवेत शोषलं जातं, अशी भीती तुम्हाला कोणीतरी नक्की घालेल. खरं आहे, ऑक्सिजनमुळे किलोमीटरमागे सुमारे १५ डेसिबल घट होते. पण बॅरिअरचे सहा मीटर जाऊन-येऊन बारा मीटर होतात. तिथली घट ०.२ डेसिबलच्या आत. दोनशे मीटर पुढचं बघायचं असेल तेव्हा ही घट सहा डेसिबलवर जाते आणि मग मात्र ७७ चा विचार करा.

बॅरिअरच्या बाबतीत ६० घेण्याचं आणखी एक कारण आहे आणि मला ते सगळ्यात पटणारं वाटतं. येणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या नाकात स्वतःचं ७६-८१ गिगाहर्ट्झचं रडार असतं आणि ते सरळ बॅरिअरकडे रोखलेलं असतं. त्याच पट्ट्यात आपला सेन्सर ठेवला तर प्रत्येक गाडी आपल्यावर टॉर्च मारत येणार. शेजारचा पट्टा रिकामा असताना ते ओढवून कशाला घ्यायचं?

पायरी ३: तापमान वाचायला शिका

एईसी-क्यू१०० मध्ये ग्रेड आहेत त्या अशा: ग्रेड ० म्हणजे १५० अंशांपर्यंत, ग्रेड १ म्हणजे १२५, ग्रेड २ म्हणजे १०५ आणि ग्रेड ३ म्हणजे ८५. खालची मर्यादा सगळ्यांची उणे ४०. हे आकडे चिपच्या भोवतालच्या तापमानाचे आहेत. रडार चिपच्या डेटाशीटमध्ये मात्र बहुतेक वेळा जंक्शनचं, म्हणजे चिपच्या आतल्या सिलिकॉनचं तापमान दिलेलं असतं. एडब्ल्यूआर१६४२ साठी ते उणे ४० ते १२५, तिच्या औद्योगिक जुळ्या बहिणीसाठी, म्हणजे आयडब्ल्यूआर१६४२ साठी, उणे ४० ते १०५. एका चिपचं जंक्शन आणि दुसरीचं भोवताल समोरासमोर ठेवून तुलना करणं ही रोजची चूक आहे.

दोन्ही जोडणारं गणित सोपं आहे. जंक्शन म्हणजे भोवताल अधिक चिप खाते ती वीज गुणिले बोर्डाचा उष्णतारोध. समजा आपली चिप सतत चालवली तर २ वॉट खाते आणि बोर्डावर दर वॉटमागे २० अंश चढतात. खोक्यात ७० अंश. ७० अधिक ४०, म्हणजे ११०. औद्योगिक चिपची १०५ ची मर्यादा ओलांडली.

इथे बहुतेक जण लगेच १२५ वाली ऑटोमोटिव्ह चिप उचलतात. थांबा. बॅरिअरला सेकंदाला तीस वेळा बघायची गरज आहे का? दहा वेळा पुरतं. चिपचा रेडिओ मधल्या वेळात झोपू द्या. समजा सरासरी वीज १.२ वॉटवर आली, तर ७० अधिक २४, म्हणजे ९४. चिपच्या पोटाखालचं तांबं वाढवून, बोर्डात उष्णता पलीकडे नेणारी तांब्याची भरपूर छिद्रं (‘व्हाया’) पाडून उष्णतारोध १५ वर आणला की ८८. चिप न बदलता बावीस अंश वाचले. ते अंश पुढच्या पायरीत फार कामी येतात.

गाडीतल्या लोकांना हा मार्ग कमी मोकळा असतो. समजा ग्रेड २ च्या अटीप्रमाणे भोवताल १०५ आहे आणि जंक्शनची मर्यादा १२५ आहे. मध्ये उरतात फक्त वीस अंश. २ वॉटच्या चिपला मग दर वॉटमागे दहा अंशांहून जास्त चढ परवडत नाही, म्हणून गाडीच्या रडारची मागची बाजू धातूची असते आणि चिप तिला चिकटवलेली असते.

थंडीच्या बाजूला दोन्ही ग्रेडमध्ये सहसा फरक नसतो. फक्त घरगुती उपकरणांसाठी बनवलेल्या स्वस्त चिप्स बघत असाल तर खालचा आकडाही वाचा, तो उणे ४० असेलच असं नाही.

पायरी ४: तास मोजा

आता सुरुवातीच्या तक्त्याकडे या. १०,००० तास संपले की चिप मरते असा त्याचा अर्थ नाही. त्या तापमानांना, त्या वापराला, तेवढ्या तासांपर्यंतचं आयुष्य कंपनीने तपासून हमी दिली आहे. पुढचं तुमच्या जबाबदारीवर.

तापमान उतरलं की आयुष्य वाढतं. तापमान आणि झीज यांचं नातं सांगणाऱ्या अऱ्हेनियसच्या सूत्रात सक्रियण ऊर्जा (झीज तापमानाला किती संवेदनशील आहे ते सांगणारा आकडा) ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली, जी या कामात सर्रास धरतात, तर जंक्शन १२५ वरून १०५ वर आणल्यावर झीज सुमारे तीनपट मंदावते, ८५ वर आणल्यावर सुमारे दहापट. मागच्या पायरीत वाचवलेल्या अंशांची किंमत इथे कळते. पण हे सूत्र वापरून स्वतःच्या मनाने हमी लिहू नका. चिपमध्ये झिजण्याचे प्रकार अनेक असतात, प्रत्येकाची ऊर्जा वेगळी. तुमचं मिशन प्रोफाइल, म्हणजे पायरी १ चं पान, कंपनीच्या तांत्रिक विभागाला पाठवा आणि ‘या प्रोफाइलला ही चिप चालेल का’ असं लेखी विचारा. पान जेवढं नेमकं, तेवढं उत्तर नेमकं येतं. नुसतं ‘ही चिप किती टिकेल’ विचारलं तर डेटाशीटची लिंक परत येते.

औद्योगिक चिपच्या डेटाशीटमध्येही तासांचा तक्ता शोधा. वरची मर्यादा १०५ ठेवण्यामागे सलग चालण्याचा हिशेब असतो: तापमान थोडं सोडून दिलं, तास मिळवले. माझ्या मते चोवीस तास चालणाऱ्या कुठल्याही उत्पादनासाठी सगळ्यात आधी पाहायचा तक्ता हाच. चिप किती अंतरावरचं बघते, ते नंतर.

पायरी ५: ‘एईसी-क्यू१०० क्वालिफाइड’ या शब्दांत काय आहे, काय नाही

एईसी म्हणजे ऑटोमोटिव्ह इलेक्ट्रॉनिक्स कौन्सिल. क्रायस्लर, फोर्ड आणि डेल्को इलेक्ट्रॉनिक्स यांनी नव्वदच्या दशकात ती सुरू केली. ही संस्था कुणाला प्रमाणपत्र देत नाही. चिप बनवणारी कंपनी स्वतः चाचण्या करते आणि स्वतःच जाहीर करते की आम्ही पास झालो. म्हणून मोठे ग्राहक चाचण्यांचा अहवाल मागून वाचतात. तुम्हीही मागा.

चाचणीचा एक नमुना सांगतो. तापवून, व्होल्टेज लावून चिप्स १,००० तास चालवतात. तीन वेगवेगळ्या लॉटमधून प्रत्येकी ७७, एकूण २३१ चिप्स, आणि एकही बिघडता कामा नये. ऐकायला कडक वाटतं. पण औद्योगिक चिप्स जेडेक या सेमीकंडक्टर मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ज्या जेईएसडी४७ मानकाने तपासतात, त्यातही हेच तीन लॉट, हेच ७७, हेच १,००० तास आहेत. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पुन्हा वाचले होते.

मग फरक कुठे? ऑटोमोटिव्हमध्ये ग्रेडनुसार तापमान आणि गरम-थंड चक्रांच्या अटी कडक होतात. त्याहून मोठा फरक चाचणीच्या बाहेर आहे. कारखाना आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाप्रमाणे चालवलेला असतो. प्रत्येक चिपचा माग वेफरपर्यंत, म्हणजे ती ज्या सिलिकॉनच्या चकतीतून कापली तिथपर्यंत, लावता येतो. पीपीएपी नावाची कागदपत्रांची जाडजूड फाइल मिळते. आणि कारखान्यात काही बदललं, अगदी साच्याचं प्लास्टिक बदललं, तरी ग्राहकाला आगाऊ कळवून त्याची संमती घेण्याची रीत असते. लाखो गाड्या परत बोलवायची वेळ ज्याच्यावर येऊ शकते, त्याला हे सगळं हवंच. वर्षाला पाचशे बॅरिअर बनवणाऱ्याला त्यातलं किती लागतं, ते त्याने प्रामाणिकपणे ठरवावं.

ऑटोमोटिव्ह चिप लावली म्हणजे बोर्ड ऑटोमोटिव्ह झाला, असंही नाही. रेझिस्टर-कपॅसिटरसाठी एईसी-क्यू२०० वेगळं आहे, डायोड-ट्रान्झिस्टरसाठी एईसी-क्यू१०१ वेगळं. सगळ्यात जास्त विसरला जाणारा भाग म्हणजे फ्लॅश मेमरी. बऱ्याच रडार चिप्स चालू होताना आपला प्रोग्रॅम बाहेरच्या छोट्या फ्लॅशमधून वाचतात. चिप १२५ अंशांची आणि शेजारची फ्लॅश ८५ ची, असे बोर्ड मी पाहिलेत. तसा बोर्ड ८५ चाच. पार्ट्सची पूर्ण यादी उघडा, प्रत्येक ओळीपुढे तापमानाची मर्यादा लिहा आणि सगळ्यात लहान आकड्याभोवती गोल करा. तीच तुमच्या उत्पादनाची ग्रेड.

पायरी ६: सुरक्षा, आणि तिची दोन वेगळी परिमाणं

गाड्यांच्या कार्यात्मक सुरक्षेचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं तरी इजा होऊ नये याचं, मानक आयएसओ २६२६२. पहिली आवृत्ती २०११ ची, दुसरी २०१८ ची. दुसरीत सेमीकंडक्टरसाठी अकरावा भाग नव्याने आला. त्यात एसिल ए ते डी अशा पातळ्या आहेत, डी सर्वांत कडक. उद्योगातलं मूळ मानक आयईसी ६१५०८, त्यातल्या पातळ्या सिल १ ते ४. नावं सारखी वाटतात, म्हणून लोक एसिल बी म्हणजे सिल २ असं सरळ भाषांतर करतात. दोन्हीमागचा धोक्याचा हिशेब वेगळा आहे. एसिलमध्ये गाडी चालवणारा माणूस परिस्थिती सावरू शकेल का, हेही मोजलं जातं; बॅरिअरजवळ सावरणारा कोणी नसतो. एसिलची कागदपत्रं सिलच्या परीक्षकापुढे ठेवलीत तर त्यांचा उपयोग होतो, पण काम नव्याने करावं लागतं. तेव्हा तुमच्या उत्पादनाला जे मानक लागू आहे, त्याच भाषेतली चिप शोधा.

शब्द नीट वाचा. ‘टार्गेटेड’ म्हणजे त्या पातळीचा हेतू ठेवून बनवली. ‘सर्टिफाइड’ म्हणजे बाहेरच्या संस्थेने तपासून सही केली. एकाच चिपचे सुरक्षेसहित आणि सुरक्षेविना असे दोन पार्ट नंबर असू शकतात आणि त्यात फरक एखाद्या अक्षराचा असतो. खरेदी विभागाला नंबर पाठवताना ते अक्षर मोठ्याने वाचून दाखवा.

आणि चिप कितीही तपासलेली असली तरी ती सेफ्टी मॅन्युअलमधल्या अटी पाळल्या तरच सुरक्षित. अमुक तपासणी प्रत्येक फ्रेमला, म्हणजे रडार एकदा बघतं तेव्हा दर वेळी, करा, तमुक व्होल्टेजवर बाहेरून नजर ठेवा, अशा त्या अटी असतात. हे मॅन्युअल निवडीच्या वेळीच मागवून वाचा, बोर्ड झाल्यावर नको. बॅरिअरबाबत माझं स्पष्ट मत असं की सगळा भार रडारवर टाकू नये. दांडा हलका ठेवा, त्याला अडथळा लागताच उलटा फिरणारी मोटर द्या. मग रडारकडून मागायची पातळी उतरते आणि निवड मोकळी होते.

पायरी ७: कागद, सॉफ्टवेअर, खरेदी

नवख्याला इथेच जास्त अडतं, म्हणून सांगतो. बऱ्याच ऑटोमोटिव्ह रडार चिप्सची पूर्ण डेटाशीट गुप्ततेच्या करारावर सही केल्याशिवाय मिळत नाही. कमीत कमी मागणीचा आकडा मोठा असतो आणि लहान ग्राहकाच्या ईमेलला उत्तर यायला वेळ लागतो. औद्योगिक चिप्सचे डेव्हलपमेंट बोर्ड, नमुना प्रोग्रॅम आणि प्रश्न विचारायच्या जागा बऱ्याच अंशी खुल्या असतात. तुम्ही दोघं-तिघं मिळून पहिलं उत्पादन करत असाल तर हा फरक तापमानाच्या वीस अंशांहून मोठा ठरू शकतो.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एडब्ल्यूआर आणि आयडब्ल्यूआर कुळांमध्ये जोड्या आहेत: १६४२ ला १६४२, १८४३ ला १८४३, ६८४३ ला ६८४३. मूळ रचना आणि सॉफ्टवेअर बरंचसं समान. त्यामुळे औद्योगिक बोर्डावर शिकून, अल्गोरिदम बसवून, नंतर गरज पडली तर ऑटोमोटिव्ह बहिणीकडे जाता येतं. जाण्याआधी पिना, पॅकेज आणि सिलिकॉनची आवृत्ती जुळते का ते तपासा. या कंपनीच्या ऑटोमोटिव्ह पार्ट नंबरच्या शेवटी ‘क्यू१’ असतं. ते नसेल तर चौकशी करा. आणि टंचाईच्या काळात अनोळखी दलालाकडून चिप्स घेऊ नका. माग लावता येणं हाच ऑटोमोटिव्ह ग्रेडचा मोठा भाग आहे, आणि मधली एक कडी तुटली की तो भाग गेला.

मधल्या जागा

काही उत्पादनं सरळ कुठल्याच खान्यात बसत नाहीत. ट्रॅक्टर ही गाडी आहे, पण तिला आयएसओ २५११९ हे शेतीयंत्रांचं वेगळं सुरक्षा मानक लागतं. तिथली धूळ, हादरे आणि इंजिनची ऊब पाहता मी ऑटोमोटिव्ह चिपच घेईन. तास तसेही मर्यादित असतात. गोदामातला फोर्कलिफ्ट दोन पाळ्यांत वर्षाचे तीनशे दिवस चालला तर ४,८०० तास होतात, आठ वर्षांत ३८,४००. हादरे गाडीसारखे, तास कारखान्यासारखे. अशा वेळी ऑटोमोटिव्ह चिप घेऊन ती थंड ठेवणं आणि कंपनीकडून तासांची लेखी खात्री घेणं हा मला योग्य मार्ग वाटतो.

पायरी ८: ठरवण्याआधी तापवून बघा

डेव्हलपमेंट बोर्ड आणा, तुमच्याच खोक्यात बसवा, खोकं तापवायच्या कपाटात ठेवा आणि पान एकवर लिहिलेलं तापमान लावा. बऱ्याच रडार चिप्सच्या आत तापमान सेन्सर असतात. प्रोग्रॅममधून ते दर मिनिटाला वाचून नोंदवा. तीन तास तरी चालू द्या, कारण खोक्यातली हवा सावकाश तापते. समोर एक धातूचा कोपरा (काटकोनात जोडलेल्या पत्र्यांचा परावर्तक) ठेवा आणि त्याच्या प्रतिध्वनीची ताकद तापमानासोबत किती ढळते ते बघा; चिप चालू असताना आपोआप कॅलिब्रेशन, म्हणजे स्वतःची जुळवणी, करते, तेव्हा त्या ताकदीत छोटी पायरी दिसते, ती बिघाड समजू नका. मग खोकं पूर्ण गार करून उणे तापमानात बंद असलेली चिप चालू करून बघा. चालू चिप थंडीत टिकते, पण गोठलेली चिप सुरू होताना अडखळते, आणि ते बहुतेक वेळा वीजपुरवठ्यामुळे असतं.

आमच्या बॅरिअरच्या पानावर शेवटी उमटलं ते असं: ६० गिगाहर्ट्झ, औद्योगिक ग्रेड, सिल २ साठी बनवलेला पार्ट नंबर, सेकंदाला दहा फ्रेम, जंक्शन ९० च्या आत. आणि पार्ट्सच्या यादीत गोल केलेला आकडा फ्लॅशचा होता, ८५. ती बदलून १०५ वाली घेतली.